फोनात फक्त गोळ्या

माझं पोट भरतं ते दुसऱ्यांच्या कामांवर. म्हणजे ऑफिसात कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं आणि ते काम कुठल्या वर्गात मोडतं, हे मी दिवसभर संगणकावर मांडत असते. सकाळी एक वर्ग उघडायचा, बाकीचे झाकायचे आणि तेवढ्याच कामांच्या मागे लागायचं, दुपारी दुसरा. लोकांना हे सांगितलं की ते "हो का" म्हणतात आणि विषय बदलतात. बाबांना मात्र माझी नोकरी पहिल्याच दिवशी कळली. "म्हंजे तू शिफ्ट इनचार्ज," ते म्हणाले, आणि त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

बाबांनी सगळी नोकरी खताच्या कारखान्यात केली. तिन्ही पाळ्यांत, यंत्रांचे आकडे बघायचे आणि रजिस्टरात उतरवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचा हात रजिस्टरावाचून शिवशिवायला लागला, तेव्हा मी त्यांच्या फोनात कामांची नोंद ठेवायचं एक साधं ॲप घालून दिलं. आई म्हणाली, "घाल, घाल. आधीच मानूस घरात थांबत न्हाय." पण बाबा खूश झाले. त्यांनी त्यात वर्ग केले. त्यांना ते 'खाती' म्हणायचे, कारखान्यात असतात तशी. घर हिरवं, शेत पिवळं, बांध तपकिरी, गाव निळं. आणि नोंदी कारखान्याच्याच भाषेत. 'पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. दाब ठीक.' 'वालावर माव्याची कीड पाहिली. किरकोळ.' एकदा 'पत्नीचे डोके दुखते. चहा दिला. परिस्थिती नियंत्रणात.' हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा परिस्थिती नियंत्रणात राहिली नाही.

मी त्यांना फिल्टर लावायलाही शिकवलं होतं. वरच्या पट्टीवर खात्याचं नाव दाबलं की तेवढीच कामं दिसतात, बाकीची खात्यांच्या नावांसकट लपतात. 'सर्व' दाबलं की सगळी परत येतात. त्यांनी ते एकदा बघितलं आणि बाजूला सारलं. "रजिस्टर पयल्या ओळीपासून वाचायचं, बाय," ते मला म्हणाले. "मधलंच पान उघडनारा मानूस कारखान्यात टिकत न्हाय." आई त्या फिल्टरला चाळण म्हणायची. चाळण लावा नाहीतर काढा, माझ्या नावाचं कायतरी त्यात टाका, एवढंच तिचं म्हणणं असायचं.

मार्गशीर्षात बाबांच्या छातीत दुखलं. अलिबागला नेलं, तिथून पुढे पनवेलला, आणि हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून ते घरी आले. निघताना नर्सबाईंनी गोळ्यांची पाकिटं पलंगावर मांडून समजावून सांगितलं. मी तिथल्या तिथे त्यांच्या फोनात 'गोळ्या' नावाचं खातं उघडलं, लाल रंगाचं, आणि सगळ्या वेळा भरल्या. पण बाबा यादी वाचायला लागले की रक्त पातळ करायच्या गोळीनंतर वालाचा मावा आणि त्याच्यानंतर साखरेची गोळी, असं होऊ लागलं. "गोळ्या तेवढ्या दाव मला," ते म्हणाले. मी म्हटलं, वर लाल दिसतंय ना, त्याच्यावर बोट ठेवा. त्यांनी ठेवलं. बाकीचं सगळं लपलं. "आता कसं मोकळं वाटतं," असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि आम्ही घरी आलो.

मी ऑफिसला सांगून घरूनच काम करायला लागले. मधल्या खोलीत माझा लॅपटॉप, बाहेर ओटीवर बाबांची खुर्ची. आणि बाबा इतके शहाण्यासारखे वागायला लागले की विचारू नका. गोळी वेळेवर. चालणं वेळेवर. मीठ कमी म्हणून कुरकुर नाही. प्रत्येक काम झालं की फोनवर बोट टेकवून खूण करायचे आणि फोन उपडा ठेवायचे. मी मनात म्हणायचे, चला, सुटलो. आई मात्र सुपात तांदूळ घेऊन बसली असताना एकदा हळूच म्हणाली, "मानूस भांडत न्हाय गो आताशा. मला भीती वाटते."

मी तिला म्हटलं, तुला कशातच समाधान नाही. पण मग मीही बघायला लागले. बाबा चिडायचे नाहीत, कुणाला नावं ठेवायचे नाहीत. समोरच्यांनी कुंपण आमच्या हद्दीत हातभर आत घेतलं, तरी त्यांनी नुसतं बघितलं. एरवी या गोष्टीवर त्यांनी दोन दिवस तोंड वाजवलं असतं. संध्याकाळी ते खुर्चीत बसायचे ते पाहुण्यासारखे, कडेला, पाय जवळ घेऊन. आपल्याच ओटीवर असं कोण बसतं? एक दिवस दाराआडच्या खिळ्यावर पाण्याची चावी दिसली नाही. गावाला पाणी सोडायची ती लोखंडी लांब चावी बाबांनी निवृत्तीपासून सांभाळली होती. आई म्हणाली, "देऊन आले पंचायतीत. मी काय बोलनार?" मला वाटलं, चांगलं झालं, विश्रांती मिळेल.

खरं काय चाललंय ते काका आले तेव्हा कळलं. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, खालच्या आळीत राहतात. सकाळी ते मागच्या दाराने आत आले, केळी आईच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "उद्या पुनवेचं उधान. तो आकडा दे बाय, फळ्या उचलायचा."

आमची शेतं खाडीला लागून आहेत. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात पाणी सोडायची दारं. त्यांना उघाडी म्हणतात. रोजच्या ओहोटीला आतलं पाणी बाहेर जावं म्हणून उघाडीच्या वरच्या फळ्या काढलेल्या असतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा ते चढायच्या आधी कुणीतरी जाऊन त्या बसवायच्या, चिखल लिंपायचा. खारं पाणी आत आलं तर पुढच्या भाताची आशा सोडायची. हे काम कुणी सांगत नाही, कुणी त्याचा पगार देत नाही. घराघराचा नंबर लागलेला आहे, आजोबा-पणजोबांपासून. ज्या घराचा नंबर, ते घर गावात जमेस धरलं जातं. घरातला पुरुष संपला की नंबर भावकीत जातो. आमच्या घरात मी एकटी, त्यामुळे आमचा नंबर कधीतरी काकांकडे जाणार हे सगळं गाव धरून चाललं होतं. मीही धरून चालले होते. पण ते असं केळ्यांबरोबर घरात येईल असं वाटलं नव्हतं.

"उद्याच्यापुरता ना?" मी विचारलं.

"न्हाय गो. दादानं कायमचाच दिला. मागल्या आठवड्यात घरी येऊन सांगून गेला. मी नको म्हनत व्हतो, म्हनून आकडा तवा घेतला न्हाय." काका खोटं बोलणारे नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण अवघडलेपण होतं. मी आकडा काही काढून दिला नाही. "बघते," म्हटलं, आणि ते गेल्यावर तरातरा ओटीवर बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, नंबर का दिलात?"

ते शांतपणे म्हणाले, "माज्याकडं व्हता कुठं? तुमी काढून घेतलात."

"कोणी?"

"तू. नायतर तुज्या आईनं. मी कुठं विचारलं कोनी काढला? बरोबर केलंत. मानूस आजारी पडला की त्याची कामं काढतात." मग ते मला कारखान्यातली रीत सांगायला लागले, लहान मुलीला सांगावी तशी. आजारपणाच्या रजेवरून माणूस परत आला की तो रजिस्टर बघतो. आपल्या नावापुढे जे लिहिलंय ते आपलं. जे नाही ते बदली माणसाला गेलं. त्याबद्दल विचारायचं नसतं, विचारणं बरं दिसत नाही. बदली माणसाला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. आपण फक्त आपल्याकडच्या चाव्या, अवजारं, जे असेल ते नेऊन द्यायचं. "मी घरी आलो, फोन उघडला. शेत न्हाय, बांध न्हाय, गाव न्हाय. नुसत्या गोळ्या. म्हटलं, समजलं. मंग एकेक नेऊन दिलं."

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. मी त्यांच्या मांडीवरचा फोन उचलला. वरच्या पट्टीत लाल अक्षरांत 'गोळ्या' असं लिहिलेलं, इस्पितळात दाबलं होतं तसंच. हे ॲप बंद करून उघडलं तरी लावलेला फिल्टर तसाच ठेवतं. माझ्या ऑफिसात हे शिपायालाही ठाऊक आहे. बाबांनी मात्र आयुष्यात तो एकदाच लावला होता, आणि तोही मी सांगितलं म्हणून. फोन खिशात टाकला की तो आपोआप निघतो, असंच ते धरून चालले होते.

मी 'सर्व' दाबलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

पिवळं आलं, तपकिरी आलं, निळं आलं. उधाणाच्या तिथ्या, वालाचं रान, पाण्याचा दाब, देवळाच्या कौलांचं काय ते बघणे, आईच्या चष्म्याची काडी. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, बोट फिरवत. मध्येच थांबून मला विचारलं, "म्हंजे कुनी काढलं नव्हतं?"

"नाही हो बाबा. सगळं इथंच होतं. फक्त दिसत नव्हतं."

"तुला वाटलं न्हाय ना, की आता ह्यांच्याकडून व्हनार न्हाय?"

"नाही," मी म्हणाले. बाबांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, नुसते वाचत राहिले. इतके दिवस हा माणूस आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी आपल्याला बाजूला काढलंय असं समजून बसला होता, आणि वर आम्हाला वाईट वाटू नये म्हणून वेळेवर गोळ्या घेत होता. आई दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "अवो, तोंडानं इचारायला काय झालं व्हतं?" ती म्हणाली, "आमच्याशी काय अबोला व्हता?" आणि पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा जोरात आवाज यायला लागला, तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले.

पण यादी परत आली म्हणून काम होतं थोडंच? डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती आणि उघाडीच्या फळ्या भिजून जड झालेल्या असतात. हे बाबांनाही दिसत होतंच. दुपारभर ते फोन हातात घेऊन बसले. 'बांध' दाबायचे, बघायचे. 'सर्व' दाबायचे, बघायचे. मी लॅपटॉपवर एका बैठकीत होते, पण लक्ष सगळं बाहेर. मी करीन फळ्यांचं, असं माझ्या ओठांवर चार वेळा आलं. बोलले नाही. मी करीन म्हणणं म्हणजे परत त्यांच्या हातातून काढून घेणंच झालं असतं, आणि एवढं तरी मला सकाळपासून कळलं होतं.

चहाच्या वेळी त्यांनी हाक मारली. "बाय, नवीन खातं कसं उघडायचं?"

मी दाखवलं. ते एका बोटाने टाइप करायला लागले, फोन माझ्यापासून आड धरून, परीक्षेत मुलं पेपर झाकतात तसा. मग फोन माझ्या हातात दिला. "आता चाळण लाव. सगळ्यात शेवटचं खातं दाव मला."

सगळ्यात शेवटी एक नवं खातं होतं. नाव 'दोघांनी'. मी ते दाबलं. बाकीचं सगळं गेलं, गोळ्यासुद्धा गेल्या, आणि एकच काम राहिलं: 'उद्या उधाण. उघाडी.'

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बशीतल्या चहाकडे बघत होते. आयुष्यात या माणसाने कुणाला 'जरा हात लाव' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "जमंल ना गो तुला?" ते म्हणाले. "न्हाय तं राहू दे. ऑफिस असंल."

"ऑफिस गेलं खड्ड्यात," मी म्हणाले.

"अशी भाषा नको. सुट्टीचा अर्ज टाक." आतून आई म्हणाली, "दोघांनीच कराल, आनि भाकऱ्या कोन थापनार? त्याला पन एक खातं उघडा."

सकाळी आम्ही आधी काकांकडे गेलो. बाबा हळू चालत होते, पण पुढे. काकांच्या ओटीवर बसून त्यांनी फोनची सगळी हकिकत सांगितली, काही न लपवता, आणि म्हणाले, "माजी समजूत चुकली. नंबर मी परत मागतो."

दिलेली गोष्ट अशी परत मागितली की कुणाला बरं वाटेल? काका म्हणाले, "दादा, नंबर तुजाच. मला हावरटपना न्हाय. पन फळ्या कोन उचलील?"

"ही."

काकांनी माझ्या हातांकडे बघितलं. "बाय, नखं तुटतील तुजी."

"नखं परत येतात, काका," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले. ते हसले आणि चपला घालून आमच्याबरोबर निघाले. नंबर नसताना बांधावर यायला कुणाची बंदी नाही.

पुनवेला भरती दुपारच्या सुमाराला चढते. आम्ही पोचलो तेव्हा तिवरांच्या मुळाशी पाणी नुकतंच यायला लागलं होतं. बाबा उघाडीजवळच्या दगडावर बसले. काका बांधावर उकिडवे. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून आकडा घेऊन खाली उतरले आणि उतरताच पिंढरीपर्यंत चिखलात गेले. काकांनी हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "राहू दे. येईल ती."

मग ते दगडावरून सांगत गेले. खालची पहिली. नाही, दुसरी बाजू आत. आकडा भोकात घाल, ओढू नको, पाण्याला फळी उचलू दे, आता सोड. आवाज नेहमीचा, कारखान्यातला, न चिडणारा पण एकही चूक न सोडणारा. एक फळी तिरकी बसली ती त्यांनी मला पुन्हा काढायला लावली. मी वैतागले, तोंडातल्या तोंडात बोलले, ते म्हणाले, "बोल, बोल. पन सरळ बसव." फळ्या बसल्या. मी दोन्ही हातांनी चिखल घेऊन सांधे लिंपले, खेकड्यांची भोकं बुजवली. नखं खरंच तुटली. पाणी वर आलं, फळ्यांना भिडलं, एका सांध्यातून बारीक धार आत आली. मी तिथे चिखलाचा गोळा दाबायला वाकले. बाबा म्हणाले, "थांब, लाकूड फुगू दे." धार बारीक होत गेली आणि थांबली. एका बाजूला खाडी भरत होती आणि दुसऱ्या बाजूला आमचं शेत कोरडं होतं.

फळ्या बसल्या की नंबरवाल्याने गावाकडे तोंड करून हाक द्यायची असते, म्हणजे शेतातल्या माणसांना कळतं की उघाडी बंद आहे. हाक देणारा कोण, त्यावरून नंबर कुणाचा ते गाव ओळखतं. बाबा उठले. छाती भरून घेतली आणि हाक दिली, पण ती अर्ध्यावरच मोडली आणि खोकला आला. त्यांनी पुन्हा दम धरला, पुन्हा तेच. काकांना राहवलं नाही. ते उभे राहिले आणि तोंडाशी हात नेला. ते मदतीसाठीच उठले होते, हे मला दिसत होतं. पण ती हाक त्यांच्या तोंडून गेली असती तर आमच्या घराचा नंबर गेला असता, आणि यावेळी तो खरोखरच गेला असता.

बाबांनी हात आडवा केला. "थांब," ते त्यांना म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बाय, तू दे."

मी बैठकांमध्ये स्वतःचा माइक बंद ठेवून बसणारी मुलगी. पहिली हाक घशातच चिरकली. दुसरी गेली. "झालीऽऽ! उघाडी झालीऽऽ!" माझा आवाज इतका लांब जातो हे मला माहीतच नव्हतं.

पलीकडे वालाच्या शेंगा खुडणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. कपाळावर हात धरून तिने बांधाकडे बघितलं. "कोन गो ती?" तिने ओरडून विचारलं. "कुनाचा नंबर हाय आज?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबांनी माझ्या चिखलाने भरलेल्या खांद्याला धरलं. कुठून दम आणला कोण जाणे.

"आमचाच हाय!" ते ओरडले. "माजा नि माज्या बायचा!"